देवरे बाई पाठीमागून बघायच्या

देवरे बाईंना तुम्ही समोरून भेटलात तर त्यांना तुमचं नाव आठवेलच असं नाही. पाठमोरे भेटलात तर मात्र तुमची सुटका नाही. शाळा सोडून जमाना झालेला, दाढीमिशा फुटलेला एखादा मुलगा पेढे घेऊन यायचा आणि "बाई, ओळखलं का?" म्हणत स्टाफरूमच्या दारात उभा राहायचा. बाई अगदी कोऱ्या चेहऱ्याने त्याच्याकडे बघत बसायच्या आणि मग म्हणायच्या, "जरा वळ बघू." तो हसत हसत वळला की बाईंचा आवाज एकदम चढायचा. "अरे, हा तर खिडकीजवळचा उजवा खांदा! अजून एकाच खांद्यावर सॅक टांगतोस का रे?" पेढे राहायचे बाजूला, आणि त्या भल्या इंजिनिअरला सॅकचे दोन्ही पट्टे खांद्यांवर चढवून आम्हा सगळ्यांसमोर व्हरांड्यात चालून दाखवावं लागायचं.

सिडकोतल्या आमच्या शाळेत बाई शारीरिक शिक्षण घ्यायच्या, मी चित्रकला. गणिताचा पोर्शन मागे पडला की पहिला बळी आमच्या दोघींच्याच तासांचा जायचा, त्यामुळे आमची मैत्री होणारच होती. बाई मूळच्या नामपूरच्या. साडी पिनांनी घट्ट आवळलेली, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी. नाशकात इतकी वर्षं काढल्यामुळे एरवीचं बोलणं शहरी, पण आनंद झाला की त्यांची अहिराणी अशी उसळून बाहेर यायची की समोरच्याला अर्थ कळो न कळो, आनंद कळायचा.

प्रार्थनेला आम्ही सगळे शिक्षक मुलांच्या पुढ्यात उभे राहायचो, बाई एकट्या मागे. वर्गातही त्या मागच्या दाराने शिरायच्या आणि मागच्या भिंतीला टेकून उभ्या राहायच्या. एकदा मी त्यांना विचारलं, "बाई, मुलं काय करतात ते मागून कसं दिसणार तुम्हाला?" त्या म्हणाल्या, "मॅडम, तोंडं फसवतात हो. शिक्षक समोर आला की पोरगं तोंड नीट करतं. पाठ नीट करायचं कुणाला सुचत नाही." मी इतकी वर्षं माणसांची चित्रं काढत आले, पण माणसाला पाठ असते हे मला बाईंनी शिकवलं.

बाईंच्या तासाला एका वाक्यावर बंदी होती. 'ताठ बस' म्हणायचं नाही. मुलांनी नाही आणि शिक्षकांनी तर मुळीच नाही. त्यांचं म्हणणं असं की ताठ बस म्हटलं की मूल छाती फुगवून श्वास कोंडून बसतं, आणि श्वास सोडला की पाठही सोडतं. मग करायचं काय? तर बाई विचारायच्या, "काय हरवलं रे?"

व्हरांड्यातून एखादा मुलगा मान खाली घालून, खांदे पाडून येत असला की बाई त्याच्यासमोर थांबायच्या आणि अगदी काळजीने विचारायच्या, "काय हरवलं रे?" तो गोंधळून म्हणायचा, "काही नाही, बाई." "मग खाली काय शोधतोस? थांब, मीपण बघते." आणि बाई खरोखर वाकून फरशीवर शोधायला लागायच्या! आजूबाजूची पोरंही शोधायला लागायची. तोवर तो मुलगा हसून वर बघायचा, आणि तो वर बघतोय म्हटल्यावर बाई गुडघे झटकून म्हणायच्या, "सापडलं!" हा खेळ पोरांना इतका आवडायचा की काही आगाऊ कार्टी बाई दिसल्या की मुद्दाम पोक काढून चालायची.

लॉकडाऊननंतर शाळा पुन्हा भरली तेव्हा बाईंचा जीव खालीवर झाला. पोरं घरून येताना जणू मोबाईलकडे वाकलेली मानच सोबत घेऊन आली होती. पालकसभेत आया एकसुरात म्हणाल्या, "बाई, मोबाईल सोडतच नाही हो!" त्यावर आता बाई मोबाईलवर भाषण देणार असं आम्हाला वाटलं. बाईंनी एका पोराला पुढे बोलावलं, त्याच्या आईचा मोबाईल त्याच्या हातात दिला आणि तो हात डोळ्यांच्या उंचीपर्यंत वर नेला. "बघायचाय ना? मग त्याला येऊ दे की तुझ्याकडे. तू कशाला खाली जातोस त्याच्या भेटीला?" पोरगं थोड्याच वेळात म्हणालं, "बाई, हात दुखला." बाई म्हणाल्या, "मग आता ठेवायचा." झाली सभा.

त्या दिवसांत बाईंनी शाळेत नुसता धुमाकूळ घातला. पाचवीतल्या मुलांचे पाय बाकावरून अधांतरी लोंबतात आणि आठवीतल्यांचे गुडघे बाकाखाली अडकतात हे त्यांनी हेरलं, आणि एका शनिवारी शाळा सुटल्यावर शिपायांना नि मोठ्या पोरांना हाताशी धरून अर्ध्या शाळेचे बाक इकडचे तिकडे केले. सोमवारी वर्गशिक्षकांना आपले वर्ग ओळखू येईनात. मुख्याध्यापक तावातावाने मैदानावर आले. बाईंनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि ते परत जायला वळल्यावर मागून हाक मारली, "सर, पाकीट मागच्या खिशात ठेवता का? बसताना एका अंगाला कलता तुम्ही. म्हणून कंबर धरते." सर तरातरा निघून गेले. पण दुसऱ्या दिवशी त्यांचं पाकीट शर्टाच्या खिशात होतं, आठवड्याभरात सगळ्या सरांची पाकिटं शर्टाच्या खिशात आली आणि बाक राहिले ते तसेच राहिले.

शुक्रवारी दप्तरांची झडती असायची. तीसुद्धा एखाद्या जादूगाराच्या खेळासारखी रंगायची. दप्तरं मैदानात ओळीने उघडायची आणि ज्याची खांद्याला गरज नाही ते बाहेर काढायचं. त्यातून काय काय निघालं म्हणून सांगू! लहान भावाची पुस्तकं, गेल्या वर्षीचा नकाशासंग्रह, शाळेच्या पाण्यावर विश्वास नसलेल्या आईने भरून दिलेली भलीमोठी बाटली, आणि एकदा तर वणीच्या गडावरून आणलेला अख्खा नारळ. दर्शनाला जाऊन दोन महिने झाले होते, नारळ रोज शाळेत येत होता! बाईंनी तो तिथेच फोडला आणि वर्गाला खोबरं वाटलं.

आता असं वाटेल की बाईंचं कधी चुकतच नसेल. चुकलं होतं, आणि ते त्या स्वतःहून सांगायच्या, नव्या शिक्षकांना तर पहिल्याच आठवड्यात. आमच्या शाळेत येण्याआधी त्या सिन्नरकडच्या एका शाळेत होत्या. तिथे एक मुलगा कायम मान तिरकी करून बसायचा. बाई तेव्हा तरुण, अंगात नुसती धमक. त्यांनी त्याची मान सरळ करायचा चंगच बांधला. रोज व्यायाम, रोज टोकणं. मान सरळ झाली आणि मुलगा परीक्षेत धडाधड खाली आला. पुढे एकदा बाईंनी त्याला डाव्या बाजूने हाक मारली, तर तो हललाच नाही. त्याला डाव्या कानाने ऐकूच येत नव्हतं. उजवा कान फळ्याकडे करायचा म्हणून तो मान वळवायचा. "ऐकण्यासाठी पोरगं वाकडं बसत होतं, आणि मी त्याला सरळ करून बहिरं केलं," बाई सांगायच्या. "तेव्हापासून आधी विचारते. पाठ उगाच वाकत नाही, मॅडम." हे सांगताना बाईंचा आवाज दर वेळी खाली यायचा, आणि त्या 'काय हरवलं'मागे काय आहे ते मला तेव्हा कळलं.

आणि मग ऋतुजा.

गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेत आमच्या शाळेचं लेझीम असायचं. संक्रांत झाली की सराव सुरू. ऋतुजा तेव्हा सहावीत, पहिल्या ओळीत, आणि लेझीम म्हणजे तिचा प्राण. घरी पोळपाटावर लाटणं आपटून ताल धरते, असं तिची आई सांगायची. सरावाला मी उगाच चहा घेऊन कठड्यावर बसायची. बाई सवयीप्रमाणे ओळींच्या मागे. हलगी कडाडली, मुली एकदम कमरेतून पुढे वाकल्या, लेझमा जमिनीपाशी छन्न वाजल्या, आणि बाईंनी शिट्टी फुंकली. शिट्टी त्या क्वचितच फुंकायच्या, त्यामुळे सगळं मैदान गप्प झालं. "पुन्हा वाका," त्या म्हणाल्या. मुली वाकल्या. बाईंनी मला खुणेने जवळ बोलावून हळूच विचारलं, "तुमचा डोळा चित्राचा आहे. सांगा, ऋतुजाच्या पाठीची कुठली बाजू वर दिसते?" वाकलेल्या ऋतुजाच्या पाठीची उजवी बाजू डावीपेक्षा स्पष्ट वर आली होती. ती उभी राहिली की काहीच कळत नव्हतं.

"हे माझं काम नाही," बाई म्हणाल्या. "हे डॉक्टरांचं." त्याच संध्याकाळी त्या तिच्या घरी गेल्या. वडील सिन्नरच्या कंपनीत पाळीवर होते. आई आधी हसली, मग घाबरली, मग चिडली. "लेझीम खेळून खेळूनच झालं असेल," ती म्हणाली. बाई म्हणाल्या, "लेझमीने झालं नाही, ताई, लेझमीने दाखवलं." हाडांच्या डॉक्टरांनी एक्सरे काढला. कणा एका बाजूला वळत चालला होता. वाढीचं वय, म्हणून वळण आणखी वाढण्याची भीती. उपाय एक: काखेपासून कमरेखालपर्यंत प्लास्टिकचा कडक ब्रेस, आणि तो वाढ थांबेपर्यंत जवळजवळ दिवसभर घालायचा. नाही घातला आणि वळण वाढलं, तर पुढे ऑपरेशन.

ब्रेस आला. ऋतुजा तो घालून शाळेत आली आणि पहिल्याच दिवशी सरावाला ओळीत उभी राहिली. हलगी वाजली, सगळ्या वाकल्या, ती वाकू शकली नाही. मधोमध एकटी खांबासारखी उभी. कुणीतरी हसलं. दुसऱ्या दिवशी ती सरावाला आलीच नाही.

पुढच्या आठवड्यात प्रार्थनेनंतर बाई मला म्हणाल्या, "पोरगी ब्रेस काढून ठेवते शाळेत." मी म्हटलं, "तुम्हाला कोणी सांगितलं?" "पाठीने." झालं होतं असं की ऋतुजा शाळेत आल्या आल्या बाथरूममध्ये जायची, ब्रेस काढून खेळाच्या सामानाच्या खोलीतल्या जुन्या पेटीमागे लपवायची आणि घरी जाताना पुन्हा चढवायची. बाईंनी तो पेटीमागून बाहेर काढला नाही की आईला फोन केला नाही. शाळा सुटायच्या वेळी त्या पेटीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. ऋतुजा आली, बाईंना बघून तिथेच थिजली. बाईंनी विचारलं, "काय हरवलं गं?"

या प्रश्नाला आजवर प्रत्येक मूल हसलं होतं. ऋतुजा हुंदके देऊन रडायला लागली. "माझी लेझीम हरवली, बाई," ती म्हणाली. मी रंगांचे डबे घेऊन दारात उभी होते, मला पुढेही जाता येईना आणि मागेही. बाई तिच्याशेजारी फरशीवर बसल्या आणि तिला रडू दिलं. मग म्हणाल्या, "लेझीम नाही देता येणार मला. खोटं कशाला बोलू? पण थांब दोन दिवस."

त्या दोन दिवसांत बाईंनी जे केलं ते आठवलं की मला आजही हसू फुटतं आणि अंगावर काटा येतो. लेझमीच्या ताफ्यात दोन ढोल असायचे. वाजवायला नेहमी नववीतले मुलगे. बाईंनी त्यातला हलका ढोल उचलला, रिक्षात घातला, ऋतुजाला आणि तिच्या आईला बसवलं, "मॅडम, तुम्ही पण चला" म्हणून मला ओढलं आणि थेट हाडांच्या डॉक्टरांचा दवाखाना! बाहेर प्लास्टर बांधलेले, काठ्या टेकलेले पेशंट आणि मधोमध मांडीवर ढोल घेऊन आमच्या बाई. नंबर आल्यावर त्या ढोलासकट आत गेल्या.

"डॉक्टर," बाई म्हणाल्या, "हा हिच्या कमरेला बांधला तर चालेल का? तुम्ही नाही म्हणालात तर हा असाच परत नेते."

डॉक्टर बघतच राहिले. "बाई, मला आजवर पेशंटनी पुष्कळ काय काय विचारलंय, पण ढोल…" मग ते उठले, ढोल हातात घेऊन वजनाचा अंदाज घेतला, ऋतुजाच्या ब्रेसवरून दोरी कुठे बसते ते बघितलं, तिला चालायला लावलं, वळायला लावलं. बाई श्वास रोखून उभ्या. ऋतुजाच्या आईने माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगड्या रुतल्या. डॉक्टर म्हणाले, "ब्रेस घालूनच. थोडा थोडा वेळ, मध्ये विश्रांती. पाठ दुखली की लगेच थांबायचं आणि मला दाखवायचं. पण ब्रेस काढलास तर ढोलही गेला. कबूल?" ऋतुजा मान डोलवत होती, जोरजोरात. "मग वाजव बघू एकदा," डॉक्टर म्हणाले. तिने टिपरू उचललं आणि हाणलं. बाहेर कुणाची तरी काठी खाली पडली, लहान पोरं टाळ्या वाजवायला लागली, आणि बाई अहिराणीत ओरडल्या, "व माय, काय भारी शे!"

मग सरावाला खरी गंमत आली. ढोल कमरेला बांधला की वाजवणारा हळूहळू मागे कलतो आणि कंबर भरून येते. नववीतली धटिंगण पोरं अर्ध्या तासात कमरेवर हात ठेवून उभी राहायची. ऋतुजा मात्र सरळच्या सरळ. तिला कलताच येत नव्हतं! तिचा ठोका असा खणखणीत पडायचा की हलगीवालाही तिच्याकडे बघून ताल धरायला लागला. एक दिवस दुसऱ्या ढोलावरचा मुलगा बाईंना म्हणाला, "बाई, आपल्याला पण तसला पट्टा मिळंल का?" ऋतुजा इतकी हसली की तिचा ठोका चुकला.

पाडव्याच्या आदल्या दिवशी ती ब्रेस घेऊन माझ्या वर्गात आली. "मॅडम, यावर ढोलाची दोरी काढून द्या." मी पांढऱ्या प्लास्टिकवर केशरी रंगाने ढोलाच्या दोरीची आडवीतिडवी वीण काढली. सकाळी ती कुर्ता आत आणि ब्रेस बाहेर घालून आली, जणू तीच एक ढोल! रस्त्याच्या कडेला तिची आई उभी होती. तिच्या शेजारच्या बाईने विचारलं, "अंगावर ते काय घातलंय हो पोरीने?" ऋतुजाची आई मान वर करून म्हणाली, "ती आमची ऋतुजा. पाठीसाठी घालते ते." त्यानंतर पेटीमागे कधी काही लपलं नाही.

बाई पुढच्या वर्षी निवृत्त झाल्या आणि नामपूरला भावाकडे राहायला गेल्या. तिथल्या शाळेत फुकट जाऊन पाठी मोकळ्या व्हाव्यात म्हणून मुलांना दांडीला लोंबकळायला लावतात असं कानावर यायचं. मधल्या काळात ऋतुजाची उंची वाढली, ब्रेस दोनदा बदलला, प्रत्येक ब्रेसवर मी दोरी काढली. गेल्या दिवाळीनंतर डॉक्टरांनी ब्रेस हळूहळू सोडवला. वळण पूर्ण गेलेलं नाही, जाणारही नाही, पण ते वाढलं नाही आणि ऑपरेशनचं नाव निघालं नाही. ही बातमी फोनवर सांगितली तेव्हा बाई म्हणाल्या, "पाडव्याला येते. मला बघायचंय."

आल्या. पहाटेच्या एसटीने आल्या, पांढरे बूट, शिट्टीसकट. रस्ता माणसांनी फुललेला, बाल्कन्यांतून फुलं पडत होती, आणि आमचं पथक आता मोठं झालं होतं. मुलींचीच ढोलांची अख्खी ओळ, सगळ्यांचे सारखे कुर्ते, सारखे फेटे, सारखे बांधलेले शेले. सगळं गाव मोबाईल घेऊन पथकाच्या पुढे धावत होतं. बाईंनी माझा हात धरून मला मागे नेलं.

ढोल सुरू झाले. छातीत ठोके बसत होते, बोललेलं ऐकू येत नव्हतं. बाई पाठींच्या ओळीवरून नजर फिरवत होत्या, आणि त्यांनी बोट केलं. "ती बघा! डावा खांदा खाली. मला न कळायला काय झालं!"

मी बाईंच्या कानाशी ओरडले, "बाई, ती नाही! ऋतुजा तिच्या पलीकडची!"

बाईंनी पलीकडे बघितलं. उंच, मोकळी, दोन्ही हातांनी ढोल फोडत चाललेली एक पाठ. त्या बघत राहिल्या. त्यांचे डोळे भरून आले आणि त्या रस्त्यातच एक उडी मारून ओरडल्या, "व माय! माले वळखूच उनं नही!" मला गदागदा हलवलं, हसल्या, डोळे पुसले, पुन्हा हसल्या. सगळ्या शाळेला पाठीवरून ओळखणाऱ्या बाई चुकल्या होत्या, आणि चुकल्याचा इतका आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

मग एकाएकी त्या थांबल्या. त्यांची नजर मघाच्या त्या दुसऱ्या मुलीवर परत गेली होती.

"मग ही कोण?" बाई म्हणाल्या. "मॅडम, हिचा खांदा बघा की!"

मी काही म्हणायच्या आत त्या गर्दीत घुसल्या होत्या. पदर खोचलेला, पांढरे बूट फुलांवरून पटापट पडत होते.  फेटे आणि झेंडे मध्ये आल्यावर त्या मला दिसेनाशा झाल्या. ढोल क्षणभर थांबले, पुढचा ताल धरण्याआधी थांबतात तसे, आणि त्या शांततेत पुढून आवाज आला, "काय हरवलं गं, पोरी?"